पासष्ट पावलं

छोट्याचं वय बावन्न. डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतके, पोट शर्टाच्या बटणांशी भांडणारं, आणि नगरपालिकेच्या नकाशा विभागात सव्वीस वर्षांची नोकरी. पण वडिलांच्या तोंडी तो अजून छोट्याच. ऑफिसात हाताखालची माणसं त्याला 'सर' म्हणायची, आणि घरी पोचला की दाराची कडी वाजायच्या आत आतून आवाज यायचा, "छोट्या, बूट बाहेरच काढ." नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे नेले, पण कान असे ठेवले होते की जिन्यातल्या पावलांवरून बुटाला चिखल आहे की नाही ते सांगावं.

म्हातारा म्हणजे गावातल्या मोठ्या बागेचा पहिला माळी. बाग होण्याआधी तिथे नुसतं माळरान होतं, तेव्हापासूनचा. गावात त्यांना सगळे माळीबाबाच म्हणत. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी बोलताना 'माझी बाग' असंच म्हणायचे, आणि गंमत म्हणजे कुणाला ते खटकायचं नाही.

दर रविवारी चहा झाला की बाबा खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, सांग. बाग कशी आहे?"

छोट्या सांगायचा. हिरवळ कापली, कारंजं बंद आहे, बाकांना रंग दिला. आणि शेवटी ठरलेला प्रश्न यायचा, "आणि पंजा?"

पंजा म्हणजे तुतीचं झाड. त्याचं खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर संपायचं आणि तिथून पाच जाड फांद्या वर जायच्या, हात उघडून धरल्यासारख्या. मधल्या तळव्यात एका वेळी तीन पोरं मावायची. गावातलं असं एक माणूस दाखवा जे लहानपणी पंजावर चढलेलं नाही आणि जांभळे डाग पाडलेला शर्ट घालून घरी मार खाल्लेला नाही. छोट्याने तर ढिगाने खाल्ला होता.

"पंजा मजेत आहे," छोट्या म्हणायचा. "यंदा बहर चांगला आहे."

आता तुमच्यापासून काय लपवायचं! पंजा नव्हता. चार वर्षं झाली होती तोडून. त्याच्या जागी गाड्या ठेवायची दोन मजली इमारत उभी होती आणि छोट्या रोज ऑफिसला जाताना तिच्यासमोरून मान वळवून जात होता.

बरं, एवढंच असतं तरी समजू शकलो असतो. म्हाताऱ्या आंधळ्या माणसाला वाईट बातमी द्यायला जीभ रेटत नाही, होतं असं. पण हा गृहस्थ दर हंगामात बाजारात जायचा, पाव किलो तुती घ्यायचा, पिशवी बदलायचा आणि बाबांच्या हातावर ठेवायचा. "पंजाच्या आहेत, बाबा." म्हातारा एक तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा, आंधळ्या माणसाने डोळे मिटायची काय गरज, पण मिटायचा, आणि म्हणायचा, "आंबट झाल्यात रे. पाणी कमी पडतंय त्याला. त्या नव्या माळ्याला सांग, बुंध्याशी आळं कर म्हणावं."

"सांगतो," छोट्या म्हणायचा.

काय म्हणावं या माणसाला!

बाग काही एका दिवसात गेली नाही. छोट्या नोकरीला लागला त्या वर्षी कोपऱ्यात पाण्याची टाकी आली. पाणी तर लागतंच, कोण नाही म्हणणार? मग रस्ता रुंद झाला आणि घाणेरीचं कुंपण तीन मीटर आत आलं. मग मातीच्या पायवाटांवर सिमेंटच्या विटा बसल्या. मग गुलाबांच्या वाफ्यात प्लास्टिकचे प्राणी आले, पोटात दिवा असलेले, त्यातला हत्ती पहिल्याच उन्हाळ्यात फुटला. दर वेळी नकाशा काढायचा तो छोट्याने. सुरुवातीला शाईने काढायचा, नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा काम आणखी सोपं झालं: हिरव्या तुकड्यावर बोट दाबायचं, रंग बदलायचा, राखाडी. पहिल्या वेळी त्याला चुटपुट लागली होती. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने काम आटोपून डबा खाल्ला.

गाड्यांच्या इमारतीचं ठरलं तेव्हा एकच अडचण होती. पंजा बरोबर मधोमध येत होता, आणि मोठं झाड तोडायचं तर वरची परवानगी, जाहीर सूचना, लोकांच्या हरकती, सहा-आठ महिने सहज गेले असते. झाड मोठं की नुसतं झुडूप हे ठरतं खोडाच्या घेरावरून. छातीच्या उंचीवर टेप लावायची. साठ सेंटिमीटरच्या वर भरलं तर झाड, आत भरलं तर झुडूप. झुडपाला कुणी विचारत नाही. पण त्याच नियमाखाली बारीक अक्षरांत एक टीप आहे: छातीच्या खालीच फाटे फुटलेले असतील तर फाट्यांच्या खाली मोजावं. ही टीप ऑफिसात फार कुणाला ठाऊक नव्हती. छोट्याला पाठ होती. नव्या मुलांना मोजणी शिकवायचा तोच.

साहेब त्याच्या टेबलाशी आले होते. कधी न येणारे साहेब. म्हणाले, "मोजणी तुम्हीच करा. तुमच्या मोजणीवर कुणी बोट ठेवत नाही. छातीच्या उंचीला लावा टेप, नियमच आहे तो." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस, एवढंच. बढतीचं आमिष नाही, धमकी नाही. उलट छोट्या म्हणाला असता, "साहेब, टीप वेगळं सांगते," तर साहेब फार तर चिडले असते आणि चार दिवस बोलले नसते. पण छोट्याला कुणी चिडलेलं सहन व्हायचं नाही. जन्मापासूनच नाही.

त्याने पाचही फांद्यांना छातीच्या उंचीवर टेप लावली. अठ्ठावन्न, पंचावन्न, एकोणसाठ, बावन्न, सत्तावन्न. तक्त्यात लिहिलं: 'झुडपं, नग पाच.' खाली सही केली. फाट्याच्या खाली घेर किती होता तेही त्याला माहीत होतं, कारण टेप गुंडाळण्याआधी त्याने ती एकदा तिथेही लावून पाहिली होती. एकशे बेचाळीस. ते त्याने कुठेच लिहिलं नाही.

त्या रविवारी तो बाबांना सांगणार होता. मग म्हणाला, पुढच्या रविवारी. तोवर तो दर महिन्याला बाबांना बागेत न्यायचा. आता कारणं सुरू झाली. दुरुस्ती चाललीय, खड्डे आहेत, तुमचा गुडघा, फार गर्दी असते हल्ली. म्हाताऱ्याने कधी हट्ट धरला नाही. "बरं, तू आहेस ना तिथे लक्ष ठेवायला," एवढंच म्हणायचे. बायकोला झाड गेल्याचं ठाऊक होतं, सगळ्या गावाला होतं. "बाबांना उगाच त्रास कशाला," असं त्याने सांगितलं आणि तिने मानलं. टेपेचं मात्र तिलाही सांगितलं नव्हतं.

आणि मग पत्र आलं. बागेला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त पहिल्या माळ्याचा सत्कार. छोट्याला ते ऑफिसातच कळलं होतं आणि पत्र आलं की दडवायचं असं त्याने ठरवलंही होतं, पण पत्र आलं दुपारी, आणि बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळी छोट्या घरी आला तर म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. सत्काराला अजून सहा दिवस होते.

"बाबा, आजपासूनच?"

"घालून बघतोय. मापात बसतो का ते," बाबा म्हणाले आणि लाजले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस लाजताना छोट्याने पहिल्यांदा पाहिला आणि त्याला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ताच. त्याने तोंड उघडलं, आणि "छान दिसतोय," असं म्हणाला.

सत्काराच्या दिवशी सकाळी तो बाबांना मुद्दाम नव्या दरवाजाने आत नेणार होता. तिथून मांडव दहा पावलांवर, खुर्चीत बसवायचं, फुलं घ्यायची, घरी. पण रिक्षातून उतरताच बाबा म्हणाले, "जुन्या फाटकाने जाऊ." तिथे पोचल्यावर त्यांनी छोट्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "आता सोड मला. इथे मला कुणाची गरज नाही."

आणि निघाले. काठी नुसती नावाला. ओठ हलत होते. फाटकापासून नळापर्यंत बेचाळीस. बेचाळीसाव्या पावलाला हात पुढे केला आणि नळाची तोटी बरोबर हातात आली. एवढ्या उलथापालथीत तो एक जुना नळ कसा कोण जाणे तसाच राहिला होता. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की छोट्याला बघवेना. "ही खाच बघ. माझ्या कुदळीने पडलेली. आता डावीकडे पासष्ट, आणि पंजा."

छोट्याने थांबवायला हवं होतं. तो नुसता मागून चालत राहिला. बाबा मोजत गेले आणि अठ्ठेचाळीसाव्या पावलाला काठी भिंतीवर आपटली. त्यांनी हात लावला. गार, गुळगुळीत भिंत. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. आतून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला.

"छोट्या? हे काय आहे?"

आणि छोट्या म्हणाला, "बाबा, तुम्ही चुकलात. हा तो नळ नव्हे. जुना नळ आणखी पुढे आहे. आपण आधीच वळलो."

"पण खाच?"

"सगळ्याच नळांना असतात हो खाचा."

म्हातारा भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "असेल. चुकलो असेन," आणि छोट्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला इतकं वजन यापूर्वी कधी नव्हतं.

मांडवात साहेबांनी फुलं दिली, फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं, माईक पुढे केला. सहा दिवस म्हातारा घरात भाषण घोकत होता: कुठलं झाड कुठून आणलं, कुठल्या उन्हाळ्यात काय जगवलं. माईकमध्ये ते म्हणाले, "माफ करा. मला हल्ली नीट आठवत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, किती नम्र माणूस!

त्या दिवसापासून बाबांनी चालायचं सोडलं. गुडघा चांगला होता. पण पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं, जी ते नऊ वर्षं एकट्याने जात होते, त्यासाठी हाक मारायला लागले. "सूनबाई, जरा हात दे गं." जेवणाच्या टेबलाशी खुर्ची कुठे आहे ते विचारायला लागले. ताटात वाटी कुठल्या बाजूला असते हे ज्याला झोपेतही सांगता यायचं, तो माणूस बोटांनी ताट चाचपू लागला. रविवारी चहा झाला तरी खुर्ची खिडकीशी ओढली नाही. बाग कशी आहे ते विचारलंही नाही.

मंगळवारी छोट्या घरी आला तेव्हा बाहेरच्या खोलीतून त्याने ऐकलं. बाबा सुनेला विचारत होते, "डॉक्टरना विचारशील का एकदा? माणसाचं डोकं जायला लागतं तेव्हा आधी काय जातं? जागा जातात की माणसं? जागा गेल्या तर चालतील. तुम्हाला ओळखलं नाही तर कसं होईल?"

बायको बाहेर आली ती डोळे पुसत. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "त्यांचं डोकं ठणठणीत आहे. त्यांना वेड लागलंय असं वाटू देऊन तुम्ही जेवता कसे? तिथे काय झालं ते मला आत्ता बाबांकडून कळलंय. हा तो नळ नाही म्हणे! तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

छोट्या बुटांच्या फळीपाशी उभा होता. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. ती अशी होती की कुठे बघावं ते कळेना, आणि जिच्यासाठी नजर चुकवायची त्या माणसाला तर दिसतच नव्हतं. "मी सांगतो," तो म्हणाला. "तिथेच नेऊन सांगतो."

रविवारी सकाळी बाबा यायलाच तयार नव्हते. "कशाला? मी आपला भिंतींना धडकणार." त्याने जवळजवळ हट्टानेच नेलं. जुन्या फाटकाशी उभं केलं आणि म्हणाला, "मोजा, बाबा."

"नको रे."

"माझ्यासाठी मोजा."

बेचाळीस. नळ. खाच. डावीकडे अठ्ठेचाळीस, भिंत. म्हातारा थांबला आणि मान खाली घातली. "बघ. पुन्हा तेच."

"तुम्ही चुकला नाही, बाबा. त्या दिवशीही चुकला नव्हता. नळ तोच आहे. तुमचा हिशोब बरोबर आहे, भिंत खोटी आहे. इथे गाड्यांची इमारत झालीय. पंजा तोडला. चार वर्षं झाली."

त्याला वाटलं होतं, बाबा कोसळतील. ओरडतील. पण म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला आणि त्यावर हसू आलं. "म्हणजे पासष्ट बरोबर होती?"

"बरोबर होती."

"आणि नळ?"

"तोच."

"अरे देवा!" म्हणून ते भिंतीला टेकले आणि हसत राहिले. "मला वाटलं, गेलो मी. मला वाटलं, आता एक दिवस तुझं नाव विसरेन." त्यांनी डोळे पुसले. मग हळूहळू हसू विरलं. "मग त्या तुती?"

"बाजारातल्या."

"तरीच आंबट." मग म्हणाले, "कुणी तोडलं?"

'ऑफिसने' हा शब्द छोट्याच्या जिभेवर तयार होता. चार वर्षं तो स्वतःलाही तेच सांगत होता. "मोजणी मी केली," तो म्हणाला. "मोठं झाड लिहिलं असतं तर वाचलं असतं. मी झुडूप लिहिलं."

"झुडूप? पंजा?" म्हातारा खरोखरच बुचकळ्यात पडला. जन्मभर झाडं लावलेला माणूस. "टेप कुठे लावलीस?"

"छातीच्या उंचीला."

बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग तो हात खाली, खाली, गुडघ्यापर्यंत नेला आणि तिथे धरला. "पण त्याचं खोड तर इथे होतं."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. साहेब म्हणाले, छातीला लावा."

बाबा बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता. असता तर छोट्याने तो झेलला असता.

"तुतीचं झाड असं आपोआप वाढत नाही. सरळसोट जातं वर. बाकीची पोरं कुठेही चढायची. तू घाबरायचास. दोन पायऱ्या चढायच्या तरी माझं बोट धरायचास. म्हणून ते रोप गुडघ्याएवढं होतं तेव्हाच मी त्याचा शेंडा खुडला, तुझा पाय पोचेल एवढ्यावर. आमचे साहेब लालबुंद झाले होते. म्हणाले, झाड सरळ हवं, नाहीतर उपटून टाक आणि नवीन लाव. मी म्हटलं, साहेब, मला काढून टाका, पण झाड असंच राहील. शिक्षा म्हणून महिनाभर मला गेटवर उभं केलं होतं त्यांनी. राहिलो उभा."

छोट्याने बाबांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांना कळलं नाही, किंवा त्यांनी तो घेतला नाही.

"तू मोठा झालास की भीती जाईल, असं वाटलं होतं मला," बाबा म्हणाले.

मग त्यांनी काठी उचलली, भिंतीकडे पाठ केली आणि निघाले. नळापर्यंत अठ्ठेचाळीस, नळापासून उजवीकडे फाटकापर्यंत बेचाळीस. एकही चुकलं नाही. खांद्यावर हात ठेवला नाही की हाक मारली नाही. छोट्या मागून चालत होता, आणि त्यांचे आकडे त्याला ऐकू येत होते, कारण या वेळी म्हातारा मोठ्याने मोजत होता.